साडेचार तासांवरचं लंडन

आबा, आता विमानात प्रत्येक खुर्चीसमोर एक छोटा पडदा असतो. त्यावर सिनेमे असतात, गाणी असतात, पण मी नकाशा लावते. नकाशावर एक पांढरं विमान मुंगीच्या चालीने सरकत असतं आणि शेजारी आकडे बदलत राहतात. किती किलोमीटर झाले, किती राहिले, अजून किती तास, निघालो तिथे आता किती वाजले आणि जायचं तिथे किती. मुंबई ते लंडन सात हजार दोनशे किलोमीटर. तुम्हाला हा पडदा मिळाला असता तर तुम्ही जेवणाच्या ताटाकडेही बघितलं नसतं. दर शंभर किलोमीटरला शेजाऱ्याला कोपराने ढोसून आकडा सांगितला असता, आणि तोही कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात बोलायच्या आवाजात, म्हणजे पुढच्या दहा रांगांना आयती माहिती.

भावाच्या मुलीचं लग्न आटोपून मी परत चालले आहे. दहा तास नुसतं बसून काय करायचं म्हणून वही काढली आणि तुमच्या नावाने सुरुवात केली. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि हे पत्र टाकायला कुठे पेटी नाही, हे मला कळतं. पन्नाशी ओलांडलेली नर्स आहे मी, मला भ्रम झालेला नाही. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे, आणि ती अंतराची आणि वेळेचीच आहे, म्हणजे तुमच्या खात्यातली.

तुमच्या खात्यातली म्हणते, कारण सुरतेतल्या नवागामच्या आपल्या गल्लीत वेळेचं काम तुमच्याकडे होतं. सगळी गल्ली खानदेशची. कोणी नंदुरबारकडचं, कोणी अमळनेरकडचं, आपण दोंडाईच्याजवळचे. सगळे बाप्ये लूमवर, बारा-बारा तासांच्या पाळ्या, आणि सगळ्यांचा निम्मा जीव गावाकडे. आपल्यात जवळ आणि लांब हे किलोमीटरवर ठरत नसे. मातीला पोचता येतं ते जवळ, नाही पोचता येत ते लांब. कोणी गेलं की गावाकडे निरोप जायचा आणि प्रेत गाडी येईपर्यंत थांबायचं. लेकीने तोंड पाहिल्याशिवाय आईला किंवा बापाला उचलायचं नाही, असा आपला रिवाज. लेक द्यायची झाली तरी लोक आधी गाडी कोणती आणि किती तासांची ते विचारायचे, मग मुलाचं शिक्षण.

आणि किती थांबायचं, हे तुम्ही सांगायचात. भुसावळ पॅसेंजर तुम्हाला तोंडपाठ होती. कुठे क्रॉसिंगला रखडते, कुठे डबे जोडायला थांबते, पावसाळ्यात किती खाते, सगळं. मयताच्या घरी तुम्ही ओट्यावर बसून बोटं मोजायचात. निरोप दहाला पोचला, बाई अकराच्या जीपने दोंडाईच्याला, दुपारची गाडी, सहा तास, उधन्याला उतरून रिक्षा. "आठ वाजता उचला," तुम्ही म्हणायचात, आणि आठला पाच मिनिटं कमी असताना गल्लीच्या तोंडाशी लेकीचा हंबरडा ऐकू यायचा. प्लेगच्या वर्षी अर्धी सुरत पळायला निघाली तेव्हाही कोणत्या गाडीत पाय ठेवायला मिळेल ते विचारायला लोक आपल्याच दाराशी आले होते. तुम्ही चौथीपर्यंत शिकलेले, पण या बाबतीत तुमच्या शब्दापुढे कोणी जात नसे. लूमने तुमचे कान निम्मे खाल्ले होते, तरी लांबून येणारी गाडी तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळायची, असं लोक म्हणत. मला वाटतं ते तुम्हाला ऐकू येत नसावं, तुम्हाला फक्त वेळ माहीत असावी.

प्लेगनंतर तीन-चार वर्षांनी मला लंडनच्या एका इस्पितळात नोकरी लागली. सुरतेत नर्स म्हणून माझी पाच वर्षं झाली होती, लग्न जमत नव्हतं, आणि मला जायचं होतं. हे शेवटचं मी तेव्हा कोणाला बोलले नव्हते. सगळ्यांना सांगत होते की चांगली संधी आहे, पुढे शिकता येईल, वगैरे. खरं म्हणजे मला त्या गल्लीतून, त्या खडखडाटातून, दर मंगळवारी कोणीतरी आणलेल्या स्थळातून उठून जायचं होतं. माय भाकऱ्या थापता थापता, माझ्याकडे न बघता, एकच वाक्य बोलली.

"मी मरनू ते हाई मन्हं तोंड देखाले येई का?"

ती तुम्हाला विचारत होती, मी मेले तर ही माझं तोंड बघायला येईल का. लंडनची गाडी तुम्हाला माहीत नव्हती.

तिकीट काढायला तुम्ही माझ्याबरोबर रिंग रोडवरच्या त्या ऑफिसात आलात. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून, जणू तुम्हीच जाणार होता. भिंतीवर जगाचा नकाशा होता आणि त्यावर मुंबईपासून सगळीकडे लाल रेघा गेलेल्या. तुम्ही थेट त्या नकाशापाशी गेलात आणि रेघेवर बोट ठेवून हळूहळू सरकवत नेलंत. मधेच थांबलात, बोट उचलून पाहिलंत, पुन्हा ठेवलंत. क्रॉसिंग कुठे होतं ते शोधत असाल. काउंटरवरच्या माणसाने तिकीट माझ्यापुढे सरकवलं. मुंबईहून निघायची वेळ पहाटे अडीच. लंडनला पोचायची वेळ सकाळी सात. तो म्हणाला, "बेन, आ लोकल टाइम छे, हं. अहीं नो नहीं, त्यां नो." इथला नाही, तिथला. मी मान हलवली. मला ते आधीच माहीत होतं. आपल्या आणि त्यांच्या घड्याळात साडेपाच तासांचा फरक आहे, विमानाला दहा तास लागतात, हे मी कधीच विचारून ठेवलं होतं. तुम्ही नकाशापाशी पाठमोरे उभे होता. मग तुम्ही आलात, तिकीट हातात घेतलंत, दोन आकडे वाचलेत आणि बोटं मोजलीत. तुमचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

"साडेचार घंटा?" तुम्ही विचारलंत.

मी परत मान हलवली. शब्द एकही बोलले नाही, म्हणून बरीच वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की मी खोटं बोलले नाही.

त्या संध्याकाळी तुम्ही जेवायला बसलात ते जिंकून आल्यासारखे. माय कळण्याच्या भाकरीवर ठेचा ठेवत होती. भाऊ बसला होता, मी बसले होते. तुम्ही पाण्याचा तांब्या बाजूला केलात, जागा मोकळी केलीत आणि मायला समजावून सांगायला लागलात.

"हाई देख. दोंडाईचाले सहा घंटा लागतस. लंडनले साडेचार. आते तूच सांग, कोनतं जवळ शे?"

"विमान काय इतलं पळस?" माय म्हणाली.

"पळत नही, उडस," तुम्ही म्हणालात, आणि स्वतःच इतके हसलात की ठसका लागला. मायही हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि म्हणाली, जाय मंग. इतकंच. मी खाली मान घालून ती भाकरी संपवली. दुसऱ्या दिवशी सारी गल्ली सांगत होती की आबांची पोरगी लंडनला चालली आहे आणि ते गावापेक्षा जवळ आहे. तुम्ही सांगितलं होतं म्हणजे खरंच असणार.

तिथे गेल्यावर दर रविवारी तुमचा फोन यायचा. आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर एसटीडीचं दुकान होतं, तिथून तुम्ही, माय आणि भाऊ तिघं मिळून करायचात. माझ्या खोलीखाली वसतिगृहाचा फोन होता, त्यापाशी मी आधीच येऊन उभी राहायची. तुम्हाला फोनवर नीट ऐकू यायचं नाही, त्यामुळे तुम्ही ओरडायचात, आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "तठे कितला वाजनात?" मी सांगायची. तुम्ही ते मोठ्याने परत म्हणायचात आणि फोन मायकडे द्यायचात. मला वाटायचं, तुम्हाला ऐकू येत नाही, बोलायला काही सुचत नाही, म्हणून ओळखीच्या विषयाला हात घालता. कधी मला राग यायचा. आठवड्यातून एकदा बापाचा आवाज ऐकायचा आणि तोही घड्याळाची चौकशी करणारा. एकदा मी तसं भावाला बोलूनही दाखवलं. मायचं मात्र वेगळं. ती फोनमध्ये आधी थोडा वेळ नुसती श्वास घ्यायची, मग विचारायची, "कव्हय येशी?"

पहिल्या वर्षाच्या रजेला मी आले तेव्हा सकाळी दहाच्या विमानाने निघाले होते. मुंबईला मध्यरात्र उलटून गेली होती, भाऊ घ्यायला आला होता, आणि आम्ही सकाळी साडेनऊला नवागामला पोचलो. मायने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं की काल सकाळी बसलेली पोर आज कशी पोचते, साडेचार तासांचं काय झालं. तेवढ्यात तुम्ही बोललात. "जावाले उतार शे. येवाना वखतले चढ लागस." तुम्ही इतक्या सहज म्हणालात की मायने मान डोलावली आणि चहा टाकायला आत गेली. घाटात एसटी चढताना किती कण्हते ते तिने पाहिलेलं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत का, ते मला आठवत नाही. मला इतकंच वाटलं, बरं झालं, भोळा आहे माझा बाप. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं ते असंच.

पुढच्या हिवाळ्यात माय गेली. कसला आजार नव्हता. सकाळचं काम आवरून दहाच्या सुमाराला अंगणात ऊन खात बसली आणि बसल्या जागी कलंडली. भावाचा फोन आला तेव्हा आपल्याकडे साडेअकरा वाजले होते आणि माझ्याकडे सहा. बाहेर काळोख होता. मी सात वाजताच्या ड्युटीला निघत होते, अंगावर गणवेश होता. भाऊ रडत होता, मागे तुम्ही ओरडत होता, "तिले सांग, आम्ही थांबतस." आम्ही थांबतो. मी म्हणाले, येते. फोन ठेवला.

त्यानंतर नवागामला काय झालं, ते मला शेजारच्या बायकांनी सांगितलं, आणि एकदा नाही, अनेकदा सांगितलं. तुम्ही बर्फाच्या लाद्या आणवल्यात. मायला पुढच्या खोलीत ठेवलं. गल्लीतली म्हातारी माणसं जमली, किती थांबायचं म्हणून तुमच्याकडे बघायला लागली. तुम्ही नेहमीसारखे ओट्यावर बसलात, बोटं मोजलीत आणि सांगितलंत, साडेचार घंटे विमानाचे, पाच घंटे मुंबईहून गाडीचे, नऊ वाजता उचलू. कोणी शंका घेतली नाही. नऊ वाजले. तुम्ही म्हणालात, विमान लेट असेल, विमानाचं असं होतं. दहा वाजले. लोक ताटकळत बसून राहिले, मग तुम्ही रात्री कुठे नेता, सकाळ होऊ द्या म्हणालात. सकाळ झाली. मुंबईची पहिली गाडी येऊन गेली, दुसरी आली, तिसरी आली. तुम्ही तीन वेळा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन उभे राहिलात. बर्फ दोनदा बदलला. बाराच्या सुमाराला, ज्यांच्या मातीच्या वेळा तुम्ही आयुष्यभर ठरवल्यात त्यांच्यातलेच एक आजोबा तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आते बस व्हयनं, भाऊ. तिना जीवले बी तरास शे." तुम्ही उठलात आणि खांद्याला गेलात. गल्लीत पहिल्यांदा तुमची वेळ चुकली होती, आणि ती स्वतःच्या घरात चुकली होती. बायका हे सांगताना आवाज खाली घ्यायच्या.

मी सात वाजता पोचले. संध्याकाळचे सात. पुढच्या खोलीत जमीन अजून ओली होती आणि माय होती तिथे पणती लावलेली होती. मी दारात उभी राहिले, आत पाय टाकवेना. सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. ते बघणं रागाचं नव्हतं, पण प्रत्येकाच्या डोळ्यांत प्रश्न होता. तुम्ही कोपऱ्यात बसला होता, उठून आलात, माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा तुमच्या आवाजात विचारलंत, "इमान लेट व्हयनं का, बेटा?"

मी म्हणाले, हो आबा, लेट झालं.

तुम्ही वळून लोकांना सांगितलंत, "मी सांगत नव्हतू का?" आणि लोकांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. बायका पुढे आल्या, मला मिठीत घेऊन रडल्या. त्यानंतर तेरा दिवस जो येईल त्याला तुम्ही हेच सांगत होता. पोरगी निघाली होती वेळेवर, विमानाने घोळ घातला. तुमचं चुकलेलं गणित आणि माझं न पोचणं, दोन्ही तुम्ही त्या विमानावर ढकलून दिलंत. मी शेजारी बसून ऐकत होते.

मग तुम्ही म्हातारे झालात, लूम सुटलं, आणि कान पूर्ण गेले. तुमच्या शेवटच्या आजारात मी दोन महिने सुट्टी घेऊन आले होते. नर्स असल्याचा तेवढाच उपयोग. तुमच्याशी बोलायला मी एक वही केली होती, मोठ्या अक्षरात लिहायची आणि तुमच्यापुढे धरायची. गोळी घ्या. कूस बदलू का. आज भरीत केलंय. तुम्ही प्रत्येक शब्दावर बोट ठेवत वाचायचात आणि गल्लीला ऐकू जाईल असं उत्तर द्यायचात. मी किती वेळा ठरवलं, आज सांगायचं. पण बहिऱ्या माणसापाशी कबुली द्यायची तर ती ओरडून द्यावी लागते, आणि ओरडले असते तर शेजारणींनी आधी ऐकलं असतं. लिहून दाखवायचं तर तुम्ही ते मोठ्याने वाचलं असतं. एकदा दुपारी मी वहीत "आबा, ते विमान" इतकं लिहिलं. तुम्ही डोळे उघडून बघत होता. मी पान उलटलं आणि लिहिलं, पाणी हवं का. तुम्ही म्हणालात, दे. चार दिवसांनी तुम्ही गेलात, माझा हात हातात असताना. दोन तासांत तुम्हाला नेलं. थांबायला कोणी बाहेर राहिलंच नव्हतं.

तुमची राख सावडून आलो त्या दिवशी भाऊ आणि मी ओट्यावर बसलो होतो. मी म्हणाले, आबा किती साधे होते, शेवटपर्यंत लंडन साडेचार तासांवर आहे असंच धरून बसले. भाऊ माझ्याकडे बघायला लागला. म्हणाला, "येडी का तू? आबांना बठ्ठं मालूम व्हतं." आणि मग त्याने जे सांगितलं ते ऐकताना मी ओट्याची कड घट्ट धरून बसले होते.

तुम्हाला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. एसटीडीवाल्याने कळवलं होतं. एकदा तुम्ही सकाळी आठला फोन लावायला गेलात तेव्हा तो म्हणाला, काका, त्यां तो हजी अंधारुं छे, दीकरीने ऊंघवा दो. तिथे अजून अंधार आहे, पोरीला झोपू द्या. तुम्ही त्याच्या स्टुलावर बसलात आणि त्याच्याकडून घड्याळांचा सगळा प्रकार समजून घेतलात. घरी येताना भावाला बजावलंत, मायला सांगायचं नाही. तिची झोप जाईल. म्हणून दर रविवारचा तो प्रश्न. कधी फरक साडेपाच तासांचा असतो, कधी उन्हाळ्यात साडेचार, ते तुम्ही माझ्याच तोंडून तपासून ठेवत होता. भुसावळ पॅसेंजर पाठ केलीत तसं तुम्ही लंडनचं विमान पाठ करत होता, आणि मला वाटत होतं की तुम्हाला माझ्याशी बोलायला विषय नाही.

आणि माय गेली त्या दिवशी तुम्ही एसटीडीच्या दुकानात कागदावर हिशेब केला होता. भाऊ शेजारी होता. फोन लागला तेव्हा तिथे सहा. दहाचं विमान, मागच्या वर्षी आले होते ते. म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेतीन. मध्यरात्रीनंतर मुंबई. पहाटेची गाडी. सकाळी साडेनऊ, फार तर दहा. हे तुम्हाला त्याच क्षणी माहीत होतं. पण लोकांना उद्या सकाळी दहा सांगितले असते तर कोणी थांबलं नसतं. एक लेक, तीही परदेशी, आणि एवढे तास. दिवस बुडायच्या आत मायला उचलायला लावलं असतं. रात्री नऊ म्हटल्यावर ते थांबले. नऊ वाजल्यावर लेट म्हटल्यावर आणखी थांबले. तुम्ही तुमचा आयुष्यभराचा शब्द तासातासाने मोडून लोकांना देत राहिलात, फक्त मला मायचं तोंड दिसावं म्हणून. रात्री विमान लेट आहे असं तुम्ही खोटं सांगत होता. सकाळी दहा वाजून गेले, अकरा वाजले, तेव्हा तुम्हाला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. भाऊ म्हणाला, आबा मला कोपऱ्यात नेऊन म्हणाले होते की मन्हं गणित चुकेल नही, इमान खरंच लेट शे. गणित चुकलेलं नाही, विमान खरंच उशिरा आहे.

तुमचं गणित चुकलं नव्हतं, आबा. तुमचं कधीच चुकलं नाही. चुकले ती मी.

माय गेल्याचा तो फोन ठेवल्यावर मी खोलीत गेले नाही. बॅग भरली नाही. परतीचं तिकीट कपाटात होतं, नुसती तारीख घालून घ्यायची होती, आणि विमानतळ तासाभरावर होता. मी वॉर्डात गेले. सात वाजता हजेरी लावली. एका म्हातारीला अंघोळ घातली, तिचे केस विंचरले, गोळ्या वाटल्या, चादरी बदलल्या. कोणालाही काही सांगितलं नाही. पुढे मी स्वतःला समजावत आले की आपल्या घरची सवयच ती, पाळी अर्धी टाकून उठायचं नाही. पण ते खरं नाही. मला भीती वाटली. तुमचा गैरसमज तसाच ठेवून गेलेली मी, मायला खोटं सांगून गेलेली मी, तिच्यासमोर जाऊन उभी कशी राहणार होते? जोवर मी चादरी घालत होते तोवर सुरतेत काही झालेलं नव्हतं. तीन वाजता ड्युटी संपली तेव्हा मी आमच्या मुख्य सिस्टरला सांगितलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिनेच विमान कंपनीला फोन केला. रात्री साडेनऊच्या विमानात जागा होती. फोनवरची बाई तिला सहज म्हणाली, सकाळच्या दहाच्या विमानातही पुष्कळ जागा रिकाम्या गेल्या.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, भावालाही नाही. तुम्ही माझ्यासाठी ज्या विमानाला बोल लावत राहिलात, ते रात्रीचं विमान होतं. आणि तेही वेळेवर पोचलं होतं.